माझ्या इंग्रजीचे सावकार

वऱ्हाडात सावकार हा शब्द चांगल्या अर्थानं फारसा कोणी वापरत नाही. तरी मी तो मुद्दाम घेतला आहे. ज्यांच्याकडून मी इंग्रजी उसनं घेतलं त्यांनी ना तारण मागितलं ना व्याज लावलं, आणि त्या उसनवारीवर मी अकोल्याच्या एका कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवलं. पेन्शनही त्याचीच खातो. यातल्या बहुतेकांनी नागपूर-मुंबईपलीकडे काही पाहिलं नव्हतं. एकजण तर मॅट्रिकला इंग्रजीतच अडकला होता.

इंग्रजी म्हणजे इथं मला सगळं इंग्रजी म्हणायचं नाही. व्याकरण, काळ, प्रयोग हे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून आणि रेन-मार्टिनमधून कोणालाही येतं. (या जोडीतले रेन म्हणजेच १९२४ साली 'बो जेस्ट' ही फ्रेंच पलटणीची साहसकथा लिहिणारे गृहस्थ. पॅसिव्ह व्हॉइसची गणितं घालणारा माणूस वाळवंटातल्या लढाया रंगवतो हे कळल्यावर मला त्यांच्याबद्दल जरा आपुलकी वाटू लागली.) मी म्हणतो आहे ते इंग्रजीतल्या त्या चिमुकल्या शब्दांबद्दल: अप, ऑफ, इन, आऊट, ओव्हर. क्रियापदाला चिकटले की त्याचं कूळच बदलतात. 'पुट' म्हणजे ठेवणे हे पाचवीतल्या पोरालाही येतं. पण 'पुट ऑफ' म्हणजे पुढं ढकलणे, 'पुट आऊट' म्हणजे विझवणे, 'पुट अप विथ' म्हणजे खपवून घेणे, हे कुठल्या नियमानं सांगणार?

मी वाढलो त्या अमरावतीत इंग्रजीचा दबदबा जुना. १८५३मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आलं आणि कचेऱ्यांबरोबर वकिली इंग्रजीही आलं. १८९७ साली काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीत भरलं तेव्हा स्वागताध्यक्ष होते दादासाहेब खापर्डे. १९१२च्या बांकीपूर अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते आमच्याच गावचे रघुनाथ नरसिंह मुधोळकर. पुढं १९२३मध्ये किंग एडवर्ड कॉलेज निघालं, तेच नंतरचं विदर्भ महाविद्यालय. असल्या गावात माझे वडील कचेरीत कारकून होते आणि त्यांचं इंग्रजी त्या परंपरेच्या अगदी तळच्या पायरीवरचं, पण त्याच दगडाचं होतं. सुनावणी 'पोस्टपोन' व्हायची, तक्रार 'इन्व्हेस्टिगेट' व्हायची, उद्धटपणा 'टॉलरेट' केला जायचा नाही. एका क्रियेला एक भारदस्त शब्द. त्यांच्या मसुद्यात 'पुट ऑफ' किंवा 'लुक इन्टू' कधी दिसलं नाही. ते त्यांना बंडी घालून साहेबासमोर जाण्यासारखं वाटत असावं.

गंमत म्हणजे ज्या खापर्ड्यांचं नाव वडील इतक्या आदरानं घेत, ते रोजनिशी इंग्रजीतच लिहीत. त्यांची शिर्डीची रोजनिशी पुढं मी वाचली. टिळकांच्या खटल्यासाठी विलायतेत राहून आलेले हे बडे वकील सकाळी उठल्याची नोंद करताना बहुतेक वेळा साधं 'गेट अप' लिहितात. अंगवळणी पडलेली भाषा अशी असते. वडिलांपर्यंत ती पोचली नाही, त्यांच्यापर्यंत फक्त कोर्टाची भाषा आली. त्यांचा यात काही दोष नाही.

ही उणीव मला दाखवली आमच्या शाळेतल्या सरांनी. सर दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले. वर्गात धडा प्रमाण मराठीत समजावून द्यायचे आणि खरं काही सांगायचं असलं की वऱ्हाडीवर यायचे. आम्ही ते ओळखून होतो. सर 'पोट्टेहो' म्हणाले की वह्या मिटायच्या आणि कान उघडायचे.

'फ्रेजल व्हर्ब' हे नाव सरांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ते म्हणत 'शेपटीवाली क्रियापदं'. हे नाव तसं विलायतेतही जुनं नाही, हे मला फार उशिरा कळलं. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५च्या आपल्या पुस्तकात ते रूढ केलं आणि ते ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचंही नमूद केलं. दुखणं मात्र जुनं. सॅम्युअल जॉन्सननं १७५५च्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की परक्या माणसाला सगळ्यात जड जातं ते हेच.

एकदा वर्गात कोणीतरी विचारलं, "सर, 'गेट'चा अर्थ काय?" आमच्या गाईडात त्याला मिळवणे, होणे, पोचणे, समजणे असे पाठोपाठ अर्थ दिले होते आणि पोरगं वैतागलं होतं. सर खडू ठेवून टेबलावर बसले.

"भूक लागते. आग लागते. नोकरी लागते. वेड लागते. नाट लागते. पोरगं वाईट नादी लागते. आता सांगा, 'लागनं' म्हनजे काय?"

कोणालाच सांगता येईना.

"नाई न सांगता येत? पन कोनी चुकता का बोलतानी? कोनी म्हनलं का आजवर, मले भूक पडली म्हनून? मंग 'गेट'चा अर्थ मले काहून विचारता? कशाच्या मांगं काय लागते थे पाहा."

मागच्या बाकावरचा परतवाड्याचा मुलगा म्हणाला, "सर, बस लागते." वर्ग हसला, कारण त्याला घाटात ओकारी व्हायची हे सगळ्यांना माहीत होतं. सर मात्र खूश झाले. फलाटावर बस लागते तीही बस लागणेच आणि पोटात ढवळतं तीही बस लागणेच. कोणती कोणती हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. त्या तासाला आम्ही 'लागणे'ची वाक्यं काढत बसलो आणि 'गेट' राहून गेलं. पुढं मोल्सवर्थचा १८५७चा कोश हाती आला तेव्हा मी आधी 'लागणे' उघडलं. त्या इंग्रज लष्करी माणसानं या एका क्रियापदासाठी किती अंग मोडून काम केलंय ते पाहून मला सरांचा वर्गच आठवला.

सर हे कुठल्या ट्रेनिंग कॉलेजात शिकले नव्हते. त्यांचा गुरू होता रेडिओ. क्रिकेटचं इंग्रजी धावतं वर्णन ते कान लावून ऐकायचे आणि खेळापेक्षा भाषा जास्त ऐकायचे असा माझा संशय आहे. १९७४मध्ये लॉर्ड्सवर आपला संघ ४२ धावांत गारद झाला. दुसऱ्या कोणी त्या दिवसाचं नाव काढलं नसतं. सरांनी त्यावर तास घेतला. 'बोल्ड' आणि 'बोल्ड आऊट' यात काय फरक? गोलंदाजानं दांडी उडवली तर फलंदाज 'बोल्ड'. पण सगळा संघ 'बोल्ड आऊट' होतो तेव्हा दांड्या सगळ्यांच्या उडालेल्या नसतात. कोणी झेल देतो, कोणी पायचीत होतो, कोणी धावबाद. 'आऊट'नं तिथं 'संपवून टाकणे' हा अर्थ आणलाय. दांडीचा संबंध सुटला.

दुसरी गोष्ट त्यांनी कानानं पकडली ती आघाताची. शेपटीवाल्या क्रियापदात जोर शेपटीवर पडतो: 'पुट इट ऑफ' म्हणताना 'ऑफ' ठसठशीत यायला हवा. उलट 'लुक ॲट इट'मधला 'ॲट' जवळजवळ ऐकूही येत नाही. म्हणजे कोणता शब्द क्रियापदाचा भाग आणि कोणता नुसता शब्दयोगी, हे पुस्तक न उघडता कान सांगतो. याच ओघात त्यांनी 'इट', 'हिम', 'देम' यांची जागा शिकवली: नाम असेल तर ते शेपटीच्या आधी किंवा नंतर, कुठंही चालतं, पण सर्वनाम असेल तर मधेच हवं. 'पुट ऑफ इट' म्हणणाऱ्या पोराकडे सर इतक्या दुःखानं पाहायचे की ते पोरगं पुन्हा तसं म्हणत नसे. नागपूरहून येणाऱ्या 'हितवाद'चे मथळे ते कापून आणत आणि शेपट्यांखाली लाल रेघा ओढत. संप 'कॉल्ड ऑफ', शक्यता 'रूल्ड आऊट'. १९७५पासून नव्या पद्धतीची दहावी सुरू झाली, प्रश्नपत्रिका बदलल्या. सरांच्या रेघा बदलल्या नाहीत. परीक्षेत यातलं जवळजवळ काही येत नसे, हेही सांगितलं पाहिजे.

दुसरी सावकारीण माझी आत्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला बडनेऱ्याहून पॅसेंजरमध्ये बसवून द्यायचे आणि मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करत मी अकोल्याला उतरायचो. आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ज्या घरात बाई बाहेर नोकरीला जाते म्हणून चार लोक नाक मुरडत, त्याच घरातल्या लोकांना मुंबईचा ट्रंक कॉल लवकर हवा असला की आत्याची आठवण व्हायची. ती कोणासाठीही रांग मोडायची नाही.

ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग असे कॉलचे प्रकार. अमुकच माणूस बोलायला हवा असेल तर पी. पी. कॉल. अकोल्याचा बाजार सरकीचा, डाळीचा, तेलाचा. सकाळी भाव विचारायला मुंबईला आणि इंदूरला कॉल नोंदवले जायचे. कानाला हेडसेट लावून आत्या पलीकडच्या ऑपरेटरशी इंग्रजीत बोलायची आणि त्या इंग्रजीत वडिलांच्या कचेरीतला एकही शब्द नसायचा. होल्ड ऑन. गो अहेड. कॉल बॅक. आय ॲम पुटिंग यू थ्रू. वुई वेअर कट ऑफ.

एकदा मी तिला विचारलं, 'कट' आणि 'कट ऑफ' एकच ना? ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "वादळात तार तुटली त थे कट. तार धडधाकट असून बोलनं तुटलं त कट ऑफ. पहिल्यासाठी लाइनमन धाडा लागते, दुसऱ्यासाठी पुन्हा जोडा लागते." ऑक्सफर्डच्या कोशातली व्याख्या मी नंतर पाहिली, आत्याची जास्त कामाची होती.

पण तिची खरी देणगी वेगळीच. 'पुट थ्रू' आणि 'गेट थ्रू' यांत माझा गोंधळ उडायचा. आत्या म्हणाली, "मी फोन लावते, तुले लागते. मी पुट थ्रू करते, तू गेट थ्रू होतेस. लागला नाई त मले बोलू नको, लाइन खराब हाय." झालं. लावणे आणि लागणे. सरांनी अमरावतीत ज्या क्रियापदाचा अर्थ सांगता येत नाही म्हणून सांगितलं होतं, तेच आत्यानं इंग्रजीच्या बाजूनं जोडून दिलं. दोघांची एकमेकांशी ओळखही नव्हती. कामाच्या माणसाला भाषेचा असा एक पदर दिसतो जो पुस्तकातल्या माणसाला दिसत नाही, याची मला तेव्हापासून खात्री आहे, आणि ती नोकरीच्या काळात विद्वान सहकाऱ्यांच्या संगतीतही कमी झाली नाही.

आत्यामुळंच मला वडिलांच्या इंग्रजीचाही उलगडा झाला. तिच्या ऑफिसशेजारीच तारघर. तिथले एक काका मॅट्रिकला इंग्रजीत अडकलेले, पण तारेचा मजकूर ते कोणाहून चांगला लिहून द्यायचे. तारेला शब्दागणिक पैसे. लग्न पुढं ढकललं हे कळवायचं असेल तर 'पुट ऑफ'चे दोन शब्द होतात, 'पोस्टपोन्ड'चा एक. काका म्हणायचे, "शेपटीचे पैसे वेगळे लागतेत बापा." लॅटिनकडून आलेले ते एकेकटे जड शब्द आमच्याकडे का रुजले याची कोर्ट-कचेरी ही एक बाजू, ही दुसरी, खिशाची. माझ्या वडिलांच्या पिढीनं इंग्रजी लिहून घेतलं, मोजून घेतलं. बोलून ते फार थोड्यांना मिळालं. आणि 'पोस्टपोन' इतकं अंगात मुरलं की आपण त्याच्या जोडीला 'प्रीपोन' तयार केलं, जे आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही जाऊन बसलंय. २०१३च्या जुलैत तारसेवा बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रांतून बरंच भावुक लिहून आलं. मला काकांचा तो हिशेब आठवत होता.

एक लहान रक्कम एका मित्राची. तो तालमीत जाणारा. वर्गात 'गिव्ह इन' आणि 'गिव्ह अप' पाठ करताना म्हणाला, "समोरच्यानं दाबलं अन् तू जमिनीवर हात आपटला, थे गिव्ह इन. कोनी दाबलं नाई, तूच आखाड्यात येनं सोडलं, थे गिव्ह अप." पुढं मी हे किती वर्गांत सांगितलं असेल. दर वेळी 'माझा एक मित्र म्हणायचा' एवढंच म्हणालो. त्याचं नाव घेतलं असतं तर त्याला आवडलं नसतं.

एम. ए.ला असताना कॉलेजच्या ग्रंथालयात हॉर्नबींचा कोश हाती आला. ए. एस. हॉर्नबी हे जपानमध्ये इंग्रजी शिकवणारे मास्तर. जपानी मुलांचं कुठं अडतं ते वर्षानुवर्षं पाहून त्यांनी दोन सहकाऱ्यांसह कोश रचला. तो १९४२ साली टोकियोत छापून निघाला, तेव्हा त्यांचा देश आणि जपान यांच्यात युद्ध पेटलेलं होतं. ऑक्सफर्डनं तो १९४८मध्ये पुन्हा छापला. आज जगभर ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स म्हणून जो कोश ओळखला जातो त्याचं हे मूळ. इंग्रजाच्या पोरासाठी केलेल्या कोशात 'गेट ओव्हर' हे 'गेट'च्या पोटात कुठंतरी दडपलेलं असतं, कारण त्याला ते शोधायची गरजच नसते. हॉर्नबींना ती गरज माहीत होती. शब्दाचा अर्थ सांगून ते थांबत नाहीत, तो वाक्यात कुठं बसतो तेही दाखवतात. जपानी मुलांसाठी उपसलेले कष्ट वऱ्हाडातल्या पोराच्या कामी आले. हे ऋण कोणत्या खात्यावर मांडायचं?

मग मी शिकवायला लागलो आणि वर्गातच आणखी सावकार भेटले. अकोल्याच्या आसपासच्या खेड्यांतून येणारी मुलं म्हणत, आम्हाला इंग्रजी येत नाही. मी फळ्यावर लिहायला लावायचो: एस. टी. ब्रेकडाऊन झाली, लाइनमननं शटडाऊन घेतलाय, गाडीला पिकअप नाही, दवाखान्यात चेकअप केलं, भाऊ यंदा पास आऊट झाला, फाइलचा फॉलोअप ठेव. शेपटीवाली ही सगळी त्यांच्या रोजच्या तोंडची. फक्त मराठीनं त्यांना क्रियापद म्हणून घेतलं नाही, नाम म्हणून घेतलं आणि मागं आपलं होणे, घेणे, करणे, ठेवणे जोडलं. बोली भाषा उसनं घेतानाही आपला सोयरिकीचा नियम सोडत नाही. मात्र 'पास आऊट' इंग्रजाला सांगाल तर तो घाबरून पाणी आणायला पळेल. त्याच्याकडे त्याचा पहिला अर्थ भोवळ येऊन पडणे.

एका तासाला 'ईट' आणि 'ईट अप' चाललं होतं. बार्शीटाकळीकडची एक मुलगी म्हणाली, "सर, खा अन् खाऊन टाक." मी थांबलोच. खाऊन टाकण्यात कोणी काही टाकत नाही. बोलून बसलेला माणूस उभाही असू शकतो, आणि झोपून गेलेलं पोर कुठंही गेलेलं नसतं. आपल्या संयुक्त क्रियापदांत टाकणे, बसणे, जाणे, घेणे आपला मूळ अर्थ सोडून नुसता झोक देतात: संपवण्याचा, पस्ताव्याचा, नकळत घडण्याचा. इंग्रजीतल्या अप-ऑफ-आऊटचं बरंचसं काम हेच. अगदी एकास एक जुळत नाही. 'टाकणे'त एक सुटकेचा सुस्कारा आहे तो 'अप'मध्ये नाही. पण त्या मुलीनं मला जो दरवाजा दाखवला त्यातून पुढच्या कितीतरी तुकड्या आत गेल्या. स्पर्धा परीक्षांसाठी पाल-सुरीच्या व्याकरणातल्या याद्या घोकणारी मुलं पाहिली की मला अजूनही वाईट वाटतं. ज्याच्या बोलीत हा सगळा कारखाना चालू आहे त्याला आपण यादी देतो आणि म्हणतो, पाठ कर.

माझा एक विद्यार्थी आता मेळघाटात, धारणीच्या बाजूला प्राथमिक शिक्षक आहे. वर्गात बहुतेक मुलं कोरकू. त्यानं उत्साहानं माझी शिकवण्याच्या टिपणांची जुनी वही मागवून घेतली आणि काही दिवसांनी फोन केला. "सर, वही उलटी पडली. पोरांले 'गेट'च्या आंधी 'लागनं'च कयत नाई. भूक लागते म्हनलं त इचारते, कोनाले लागते, कुठी लागते?" कोरकू मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. ज्या क्रियापदावर माझ्या सरांनी, आत्यानं आणि मी सगळा डोलारा उभा केला, ते त्या मुलांना इंग्रजीइतकंच परकं. मी त्याला एवढंच म्हणालो की मुलांनाच विचार, त्यांच्याकडे हे काम कोण करतं.

मध्यंतरी त्यानं काही पानांचे फोटो पाठवले. मुलांनी सांगितलेली कोरकू वाक्यं त्यानं देवनागरीत उतरवली होती, पुढं मराठी. मला मराठीची बाजू तेवढी वाचता आली. लगेच फोन लावला. तिकडं रेंज नसते, लागला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानंच केला, पहिल्या वाक्यापासून समजावू लागला आणि मधूनच म्हणाला, "सर, तुमचा उच्चार बरोबर नाई, पुन्हा म्हना." आता रविवारी सकाळी आमचा तास असतो. नामं चालू आहेत. क्रियापदांना अजून अवकाश आहे असं तो म्हणतो.